अकरा किलोंची चूक

माझी भाची ज्या मोटारसायकलवर बसते तिला सीट नाही. म्हणजे 'बसते' हे क्रियापदच मुळात चुकीचे. ती त्या गाडीवर उभी राहते. ट्रायल्स नावाचा हा खेळ वेगाचा नव्हे. खडक, ओंडके, कमरेएवढ्या पायऱ्या अशा वाटेवरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही, एवढाच नियम. पाय टेकला की एक गुण चढतो, गाडी पडली की पाच, आणि ज्याच्या नावावर सर्वांत कमी गुण तो जिंकला. कमी गुण मिळवून ताठ मानेने घरी यायची सोय आमच्या घराण्याला फार आधी हवी होती, असे माझी पत्नी म्हणते.

भाचीला सगळे खार म्हणतात. लहानपणी तिला शोधायचे असेल तर आम्ही आधी कपाटावर पाहत असू. आता ती छत्तीस वर्षांची आहे, लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करते, आणि हे नाव तिच्या कंपनीपर्यंत कसे पोहोचले याचा विषय निघाला की माझ्याकडे बघते.

मी तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे मापन शिकवले. खारीच्या गाडीचे इंजिन ती स्वतः पाहते. मागचा शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यावरची स्प्रिंग ही बाजू पहिल्यापासून माझ्याकडे आहे. स्प्रिंगला एक आकडा असतो. ती एक मिलिमीटर दाबायला जितके न्यूटन बळ लागते तो तिचा आकडा, म्हणजे सत्तरची स्प्रिंग साठच्या स्प्रिंगपेक्षा कडक. स्वाराच्या वजनाला कोणता आकडा जुळतो हे ठरवण्याची रीत साधी आहे. मागचे चाक अधांतरी असताना त्याच्या आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे. मग स्वार हेल्मेट-बुटांसह पायदानांवर उभा असताना तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोहोंतला फरक म्हणजे गाडी वजनाखाली किती बसली. आम्ही घरात त्याला बैठक म्हणतो. सीट नसलेल्या गाडीला बैठक असते हा विनोद खारीने प्रथम केला त्याला पंधरा वर्षे झाली, आणि तिला तो अजूनही नवा वाटतो.

तिच्या गाडीचे मागचे चाक एकंदर एकशे सत्तर मिलिमीटर वर-खाली होते. त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे सत्तावन्न, ही बैठक योग्य. सत्तरच्या स्प्रिंगवर सहा वर्षे ती सत्तावन्नच भरत होती.

माझ्या मोजण्याबद्दल घरात एक वाक्प्रचारच रूढ झाला आहे. कपाट दारातून आत जाईल का, पडद्याला कापड किती लागेल, फळी उजवीकडे कलली आहे की डोळ्यांना तसे वाटते, अशा कोणत्याही वादात कोणीतरी म्हणते, "मामाने मोजलंय," आणि वाद मिटतो. मला मुले नाहीत, पण बहिणीच्या मुलांमुळे मी सगळ्यांचाच मामा आहे. शेजारचा वेल्डरसुद्धा, जो माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे, मला मामा म्हणतो. हा वाक्प्रचार मला आवडत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी त्यानेच घात केला.

खार सराव करताना खाणीतल्या एका दगडावरून पडली आणि तिच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली, सात महिने गाडीला हात लावायचा नाही असे ठरले, आणि तिने तो लावला नाही. आठव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पूर्ण पोशाखात आमच्या मागच्या अंगणात हजर झाली.

"घे मोजून," ती म्हणाली. "आज मला घाई आहे. सात महिन्यांची."

आमच्या अंगणाला छातीएवढ्या उंचीची भिंत आहे. मोजताना गाडी त्या भिंतीला समांतर लावतो, खार पायदानांवर उभी राहते आणि तोल राहावा म्हणून भिंतीच्या माथ्याला डाव्या हाताची बोटे लावते. मी मागे गुडघ्यांवर बसून पट्टी धरतो. त्या दिवशी बैठक भरली पन्नास.

सात मिलिमीटर कमी. गाडी कमी बसली, म्हणजे तिच्यावरचे वजन कमी आहे. म्हणजे स्प्रिंग आता या स्वाराला कडक पडते. ही तर्कसंगती निर्दोष आहे आणि आजही मी ती फळ्यावर लिहायला तयार आहे.

"वजन उतरलंय का गं तुझं?" मी विचारले.

"असेलही. सात महिने काही खाऊ वाटलं नाही."

त्या "असेलही"ला मी मोजमाप मानले. वजनकाटा घरात होता, न्हाणीघराच्या दाराशी, दहा पावलांवर. तो मी आणला नाही. सत्तरची स्प्रिंग काढली, साठची बसवली, पुन्हा मोजले, बैठक बरोबर सत्तावन्न आली. वहीत तारीख घालून नोंद केली आणि खाली सही केली.

"चला," खार हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली, "मामाने मोजलंय."

त्यानंतरचे तीन महिने वाईट गेले.

शहराबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथे हे लोक सराव करतात. तिथल्या एका कमरेएवढ्या पायरीवर खार पूर्वी बोलत बोलत चढत असे. आता ती तिच्यावर चढेना. या चढण्यात जोर इंजिनाचा कमी आणि पायांचा जास्त असतो. स्वार गुडघे वाकवून गाडीला खाली दाबतो, मग झटक्याने पाय सरळ करतो, आणि दबलेली स्प्रिंग सुटताना गाडी त्याच्याबरोबर वर येते. खारीची गाडी वर येत नव्हती. ती खाली जाई, तळाला आदळल्यासारखी थांबे, आणि मागचे चाक पायरीच्या कडेवर आपटून लाथ मारावी तसे उसळे.

"मी पाय सरळ करते, मामा," ती मला सांगे, "पण पायातून काही जातच नाही. जसं काही मधेच गळती आहे."

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी यंत्र लावून दोन्ही पायांची ताकद तपासली. फरक शेकडा चारचा. त्यांना तो क्षुल्लक वाटला. खारीला वाटला नाही. ती पुन्हा शल्यचिकित्सकांकडे गेली. डॉक्टरांनी नवीन चित्रे काढली. त्यांत एका ठिकाणी सावली होती. ती जुन्या टाक्यांची असेल किंवा नसेलही. भार घेताना पाय खचतो असे पेशंट म्हणत असेल तर पुन्हा दुर्बीण घालून पाहावे लागेल, जोडणी सैल निघाली तर नव्याने करावी लागेल, असे त्यांनी सांगितले आणि तारीख दिली. मंगळवार.

पुन्हा शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा सात महिने. कंपनीने गोड शब्दांत कळवले होते की आणखी रजा पडली तर तिला लिफ्टच्या कामावरून काढून कार्यालयात तक्रारी नोंदवायला बसवतील. खार एक दिवस स्वयंपाकघरात टेबलावर डोके टेकून बसली आणि म्हणाली, "मामी, मी टेलिफोनवर चांगली बोलते का गं?" माझ्या पत्नीने, म्हणजे मामीने, तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

या तीन महिन्यांत स्प्रिंगची शंका मला एकदाही आली नाही. तिलाही आली नाही. गाडी मामाने मोजली होती; मग उरला तो गुडघाच.

मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी मामी बादली आणि फडके घेऊन अंगणात गेली. आमच्या भिंतीचा माथा फिकट पिवळ्या रंगाचा आहे आणि तो रंग तिने निवडलेला आहे.

"अहो, जरा इकडे या," तिने हाक मारली. "तुमच्या भाचीला सांगा, हातमोजे पुसून मग टेकत जा म्हणावं. सगळी भिंत काळी करून ठेवलीय."

"बोटं तर लावते नुसती," मी खिडकीतून म्हणालो.

"बोटं? हे बोट आहे? या, बघायला या. चष्मा घेऊन या."

मी गेलो. भिंतीवर दोन प्रकारचे डाग होते. जुने पुसट झालेले, तीन बोटांच्या टोकांचे, ओळीने. सहा वर्षांत साचलेले. त्यांच्या शेजारी एकच नवा डाग होता, ग्रीसचा, गडद. पाचही बोटे, पूर्ण तळवा आणि तळव्याची मनगटाजवळची गादी. ती गादी सगळ्यांत काळी होती. तिथेच दाब सर्वांत जास्त पडला होता.

मामीने ओले फडके उचलले.

"पुसू नकोस," मी म्हणालो.

"का? चौकट करून लावायचाय?"

प्रयोगशाळेतल्या पहिल्या तासाला मी प्रत्येक तुकडीला एकच गोष्ट सांगत असे: वाचन घेताना कोणीही, कशावरही टेकायचे नाही. टेबलावर कोपर ठेवले तरी सूक्ष्म काट्याला ते कळते. हे मी हजारो मुलांना सांगितले होते, आणि त्यांतल्या अनेकांची कोपरे पट्टीने उचलवली होती. आणि माझ्या नाकासमोर माझी भाची भिंतीवर अंगाचा भार टाकून उभी होती. बैठक कमी भरली याचे कारण तिचे वजन उतरले हे नव्हते. वजन भिंतीवर होते.

निदान तसे असू शकत होते. शंका आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक वजनकाटा लागतो, हे मी तीन महिने उशिरा मान्य केले.

शनिवारी खारीला बोलावले. आधी तिला पूर्ण पोशाखात काट्यावर उभे केले. चौसष्ट किलो. वहीत मागची नोंद सहासष्टची होती. सात महिन्यांत उतरले दोन किलो, आणि मी स्प्रिंग बदलली होती दहा-अकरा किलो उतरल्यासारखी.

मग गाडी भिंतीला लावली. वजनकाटा, तबकडीचा जुना, भिंतीच्या माथ्यावर ठेवला आणि त्याच्यावर घडी घातलेले फडके पसरले. तबकडी तेवढी मामीच्या बाजूला उघडी ठेवली.

"हे काय?" खारीने विचारले.

"भिंत खराब होते," मामी म्हणाली. "रंगाला खर्च येतो. तू टेक बिनधास्त."

"नेहमी उभी राहतेस तशी राहा," मी म्हणालो, आणि मागे जाऊन बसलो. पट्टीवर सत्तावन्न आले. मी मान वर केली. मामीने तबकडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अकरा."

"काय अकरा?" खार.

"वाजले."

"मामी, साडेनऊ झालेत."

"मग घड्याळ पुढे असेल. सरळ उभी राहा."

त्यानंतर वेल्डरला हाक मारली. त्याने समोरून हँडल दोन्ही हातांनी धरले, खारीला मी हात डोक्यावर ठेवायला सांगितले, आणि अंगणाच्या मधोमध, कशालाही न टेकता, पुन्हा मोजले. बैठक सहासष्ट. एक-तृतीयांशापेक्षा नऊ मिलिमीटर खाली. म्हणजे पायरीशी पोहोचण्याआधीच गाडी दबलेली असणार, आणि तिने पायांनी लावलेला जोर ती मऊ स्प्रिंग गिळून टाकत असणार.

"मामा, काय चाललंय?" हात डोक्यावर ठेवूनच तिने विचारले. "अटक करतोयस का मला?"

"उद्या सकाळी खाणीवर ये," मी म्हणालो. "आणि मला काही विचारू नकोस."

"तू प्राध्यापकासारखा बोलायला लागलास की मला भीती वाटते."

ती गेल्यावर मामी माझ्यावर उखडली. "सांगून का नाही टाकलं? पोरगी मंगळवारच्या नावाने कासावीस झालीय, आणि तुम्ही कसले उद्याचे वायदे करताय?"

मी तिला समजावले ते असे. स्प्रिंग चुकीची होती हे सिद्ध झाले होते. गुडघा बरोबर आहे हे झाले नव्हते. दोन्ही एकाच वेळी बिघडलेले असू शकतात. मी खारीला सांगितले असते की दोष स्प्रिंगचा आहे आणि ती उद्या पायरी चढली असती, तर ती स्प्रिंगमुळे चढली की माझ्या शब्दामुळे, हे कळले नसते. माझ्या शब्दावर ती एकदा तीन महिने चालली होती. गुडघ्यात दुर्बीण घालायची की नाही हे त्याच शब्दावर ठरू नये, असे मला मनापासून वाटत होते.

"आणि नाही चढली तर?" मामीने विचारले.

"तर मंगळवार."

तिने देवघराकडे वळून हात जोडले. मग म्हणाली, "देवा, यांचीच चूक असू दे." मी तिच्याशी सहमत होतो.

रविवारी खाणीवर सकाळचे ऊन तिरके होते आणि पायरीची कड स्पष्ट दिसत होती. मी व्यवस्था अशी केली: तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन प्रयत्न. पहिल्या फेरीत साठची स्प्रिंग, दुसरीत सत्तरची, तिसरीत पुन्हा साठची. जुन्या रेनकोटच्या पट्ट्या कापून स्प्रिंग झाकली होती, तिचा रंग किंवा आकडा दिसू नये म्हणून. फेऱ्यांच्या मध्ये गाडी टेम्पोच्या मागे नेऊन मी अर्धा तास काम करणार, आणि मामी खारीला पाठमोरी बसवून बोलण्यात गुंतवणार. मामीच्या बाबतीत ही अडचण नव्हती.

पहिली फेरी. तीन प्रयत्न, तिन्ही फसले. तीच खाली जाण्याची धप्प, तीच मागच्या चाकाची लाथ. गुडघ्यावर हात फिरवून खार मामीशेजारी जाऊन बसली.

टेम्पोमागे मी स्प्रिंग बदलली. हे काम मी शेकडो वेळा केले आहे, तरी स्प्रिंग दाबून धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट दोनदा हातातून निसटला. सत्तरची बसवली, पट्ट्या गुंडाळल्या, गाडी बाहेर आणली. मी खारीच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, कारण माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहायला नको होते.

दुसऱ्या फेरीचा पहिला प्रयत्न. ती पायरीशी आली, वाकली, पाय सरळ केले, आणि गाडी वर गेली. नुसती वर गेली नाही, पायरीच्या कितीतरी पुढे जाऊन उतरली. खार झुडपापर्यंत घसरत गेली आणि तिने पाय टेकला. म्हणजे एक गुण. मी वहीत एक लिहिला आणि तो अंक वाकडा आला.

ती गाडी ढकलत परत आली. हेल्मेटच्या आतून आवाज आला, "आज... पाय जरा जास्तच लागला."

"हं," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे, जास्त लागला."

"ऐकलं. पुन्हा जा."

दुसऱ्या वेळी तिने जोर आवरला आणि चढली. स्वच्छ. तिसऱ्या वेळीही स्वच्छ, आणि वर पोहोचल्यावर क्षणभर तिथेच तोल धरून उभी राहिली, चाके न हलवता, पूर्वी राहत असे तशी. मामी पर्स छातीशी धरून उभी होती. मी तिला डोळ्यांनी दटावले. अजून एक फेरी बाकी होती.

त्या अर्ध्या तासात खारीचा आवाज टेम्पोच्या पलीकडून येत होता, भरभर, मोठा. इतक्या दिवसांत तो तसा ऐकला नव्हता, आणि मी मात्र पुन्हा साठची बसवत होतो. मापनाच्या सगळ्या आयुष्यात इतके नकोसे काम मी केलेले नाही.

तिसरी फेरी. एक, फसला. दोन, मागचे चाक असे उसळले की हँडल तिच्या हातून सुटता सुटता राहिले. तीन, ती पायरीशीच थांबली. तिने हेल्मेट काढले आणि दगडावर बसली.

"बघितलंस ना, मामा?" ती शांतपणे म्हणाली. "तीनदा जोर आला आणि संपला. हेच होतंय. डॉक्टरना हेच सांगायचं होतं मला, नीट सांगता येत नव्हतं. जाऊ दे. उघडू देत मंगळवारी."

यापुढे एक क्षणही थांबणे बरोबर नव्हते. मी तिच्यासमोरच्या दगडावर बसलो.

"पाय संपला नाही. मधल्या फेरीत मी सत्तरची स्प्रिंग लावली होती. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत साठची होती, तीन महिने आहे तीच. ती तुला मऊ पडते. मी चुकीची बसवली."

मी भिंतीचे, तळव्याचे, काट्याचे सगळे क्रमाने सांगितले. तिने मध्ये एकच प्रश्न विचारला.

"अकरा किलो? मी?"

"अकरा."

"मला तर वाटत होतं मी बोटंच लावतेय." तिने डावा हात उताणा करून त्याच्याकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. "शप्पथ, मामा. मला ठाऊकच नाही."

"भीती होती ती," मामी म्हणाली. "काट्यावर आली एवढंच."

मग खार चिडली. मी त्याची वाटच पाहत होतो. "मी तीन महिने हा पाय हातात धरून बसलेय. शिव्या दिल्यात मी त्याला. कंपनीत त्या टेलिफोनच्या खुर्चीवर बसून बघून आलेय, उंची पुरते का म्हणून. तू माझ्या मागे दोन फुटांवर होतास. माझा हात नाही दिसला तुला?"

"मी पट्टी बघत होतो."

"पट्टी."

"हो. हात बघायला हवा होता. चूक माझी आहे, तुझी नाही आणि गुडघ्याची तर नाहीच."

"एवढं हसत हसत काय कबूल करतोयस?"

मी हसत होतो हे मला तिने सांगेपर्यंत समजले नव्हते. मामी म्हणाली, "अगं, काल रात्री जेवले नाहीत ते. चूक दुसऱ्या कोणाची निघाली असती तर आज रडले असते."

खारीने नाक ओढले, हातमोजा माझ्या अंगावर फेकला आणि उठली. "लाव ती सत्तरची. आणि ती रेनकोटची चिरगुटं काढ. मला डोळ्यांनी बघायचीय. पाना दे इकडे, मीच लावते. तू बाजूला हो."

तिने स्प्रिंग बदलली, मी नुसता शेजारी उभा राहिलो. त्यानंतर तिने नऊ प्रयत्न केले. सात स्वच्छ, एकात पाय टेकला, आणि एकदा ती वर पोहोचल्यावर मामीला हात करायच्या नादात पडली. त्याचे पाच गुण मी लिहिले. तिने ते खोडायला सांगितले. मी खोडले नाहीत.

मंगळवारची शस्त्रक्रिया रद्द करण्याचा अधिकार आमचा नव्हता, म्हणून आम्ही दोघे गेलो. डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी खारीचा गुडघा चारी दिशांनी हलवला, तिला डाव्या एका पायावर बसून उठायला लावले, मग उड्या मारायला लावले. ती दहा म्हटले तर चौदा मारून थांबली.

"खचतो म्हणालात ना?" त्यांनी विचारले. "कुठे खचतोय?"

"ते यांना विचारा," खारीने माझ्याकडे हात केला.

मी वही उघडून सांगितले. आकडे, तारखा, तीन फेऱ्या, फडक्याखालचा काटा. शेवटी त्यांनी वही मागून घेतली आणि पान वाचले.

"पेशंटला न सांगता चाचणी घेतलीत?"

"नाइलाज होता."

"नाही, बरोबर केलंत." त्यांनी वही परत दिली. "माणसं माझ्याकडे इंटरनेटवरून काय काय छापून आणतात. स्वतःची चूक तारखेसकट लिहून कोणी आणलेली पहिल्यांदा बघतोय." मग ते चित्र उजेडापुढे धरून त्या सावलीकडे पाहत राहिले, आणि तो वेळ मला फार मोठा वाटला. "लक्षणं नसतील तर हे जुने टाकेच. मी आत जाणार नाही. सहा महिन्यांनी दाखवा. आणि मध्ये दुखलं तर या. आधी गाडी तपासून."

बाहेर आल्यावर खारीने कंपनीत फोन लावला. रजा नको हे तिने अर्ध्या वाक्यात सांगितले, कारण पलीकडचा माणूस तिला नऊ मजली इमारतीत अडकलेल्या लिफ्टचा पत्ता देत होता. ती तिथूनच निघाली. निघताना तिने माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

मी घरी आलो आणि बूट न काढता खुर्चीत बसलो. मामी स्वयंपाकघराच्या दारात आली. ती सकाळपासून वाट पाहत होती हे तिच्या हातातल्या कोरड्या फडक्यावरून दिसत होते.

"काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. काही करायचं नाही. काही नाही झालं."

ती समोरच्या खुर्चीत बसली. मग तिने विचारले की जेवायला आत्ता वाढू की थोड्या वेळाने. मी म्हणालो, आत्ता.